वॉर्डात फोनवरून आलेले मनोविकारतज्ज्ञ

प्रश्न परभणी जिल्ह्यातून आला आहे. थोडक्यात असा: आई एप्रिल २०२१ मध्ये कोविड वॉर्डात होती. रात्री तिला भिंतीवर माणसं दिसायची, सलाईन उपटून काढायची. तिथल्या डॉक्टरांनी मोबाइलवर एका मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी गोळी सुरू केली. ती बरी होऊन घरी आली, पण ‘मला फोनवरून येडी ठरवलं’ हे अजून म्हणते. आता ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या रात्रीपासून तसंच सुरू झालंय. इथं मनोविकारतज्ज्ञ नाहीत. दवाखाना म्हणतो, संभाजीनगरचे डॉक्टर व्हिडिओवर बघतील. आई फोन बघताच तोंड फिरवते. हो म्हणावं का?

हो म्हणा. मात्र काही गोष्टी आधी ठरवून घ्या, आणि व्हिडिओची वेळ मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका.

आधी आजच्या रात्रीचं बोलू. साठी ओलांडलेलं माणूस, खुब्याचं ऑपरेशन, दिवसा बरी आणि दिवे लागले की बिघडलेली. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही. शरीरात काहीतरी बिनसलंय आणि मेंदू त्याची ओरड करतोय. म्हणून हाडाच्या डॉक्टरांना आजच विचारा: रक्तातलं सोडियम किती आहे, हिमोग्लोबिन किती उतरलं, ऑक्सिजन आणि साखर पाहिली का, लघवी तुंबली आहे का, लघवीत किंवा छातीत संसर्ग आहे का. शौचाला कधी झाली ते तुम्हीच सांगा, तेवढ्यावरूनही म्हातारं माणूस बरळतं. दुखणं पुरतं थांबत नसेल तरी हे होतं, आणि दुखणं थांबवायला दिलेल्या ट्रामाडॉलनेही होतं. घरची कुठली रोजची गोळी दवाखान्यात आल्यापासून बंद पडली का, तेही बघा. आणि एक गोष्ट घरचे लाजून सांगत नाहीत, ती सांगा. आई मिसरी लावत असेल, तंबाखू खात असेल, तर ती एकदम तुटल्यानेही अस्वस्थपणा वाढतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

हे सगळं तपासून झाल्याशिवाय मनोविकारतज्ज्ञ समोर बसलेला असो की पडद्यावर, त्याच्या गोळीला फारसा अर्थ नाही.

आता फोनचं. तुमच्या आईचा राग मला नवा नाही. त्या दोन वर्षांत मी स्वतः असाच फोनवरून वॉर्डातले पेशंट बघत होतो, आणि नंतर त्यातले बरेच जण ओपीडीत समोर येऊन बसले. तेव्हा ते जे बोलले त्यावरून मला जे कळलं, ते सांगतो.

तेव्हा फोन का वापरावा लागला, हे आईला माहीत असायला हवं. मराठवाड्यात मनोविकारतज्ज्ञ तेव्हाही कमी होते, आजही आहेत. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूरला, आपल्याकडे एकही नव्हतं. लातूर, नांदेड, अंबाजोगाई आणि संभाजीनगरच्या घाटीतल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे विभाग आणि मोजके खासगी डॉक्टर, एवढ्यावर अख्खा विभाग. त्यातला एक जण पीपीई किट घालून रोज कोविड वॉर्डात गेला असता आणि आजारी पडला असता, तर त्याचे बाकीचे सगळे पेशंट वाऱ्यावर. २५ मार्च २०२० ला, म्हणजे टाळेबंदी लागली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं निघाली. तोवर फोनवरून औषध सांगणं नियमात बसतं की नाही, याबद्दल आम्हा डॉक्टरांच्याच मनात धाकधूक असायची. त्यानंतर आम्ही उघडपणे फोन हातात घेतला.

पेशंटच्या बाजूने तो अनुभव कसा होता? सगळ्यांत जास्त जणांनी सांगितलेली गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. वॉर्डात सगळी माणसं पांढऱ्या किटमध्ये. मास्क, चष्मा, वरून फेसशील्ड. सिस्टर कोण, डॉक्टर कोण, झाडणारे मामा कोण, काही कळत नसे. काही ठिकाणी पाठीवर मार्करने नाव लिहायचे, तेवढीच ओळख. त्या गर्दीत पूर्ण चेहरा दिसायचा तो फोनमधल्या डॉक्टरचा, कारण तो आपल्या खोलीत एकटा, बिनमास्कचा बसलेला. सेलूकडच्या एका आजी मला म्हणाल्या, ‘तुमचे दात दिसले बघा, मला बरं वाटलं.’ मी काय सल्ला दिला ते त्यांना काही आठवत नव्हतं. आपल्याला वाटतं दूरच्या तपासणीत माणुसकी कमी असते. त्या काळात वॉर्डातली परिस्थितीच अशी उलटी झाली होती की पडद्यावरचा माणूस जास्त माणूस वाटायचा.

पण हे सगळ्यांना लागू नव्हतं. ज्यांचा अनुभव वाईट गेला त्यांना खोदून विचारलं, तर गाडी बहुतेकदा एकाच ठिकाणी येऊन थांबायची: फोन कुणी धरला होता आणि कसा. कुणी बेडच्या पायथ्याशी उभं राहून लांबून फोन दाखवलेला, त्यात पेशंटला स्वतःचंच तोंड मोठं दिसलेलं. कुणाच्या हातात फोन देऊन सिस्टर दुसऱ्या बेडकडे धावलेल्या. त्यांचाही इलाज नव्हता. कुणाला काहीच न सांगता तोंडासमोर फोन. एका पेशंटला वाटलं, आपल्याला शेवटचं म्हणून कुणा नातेवाइकाला दाखवतायत. फोन लागला की मरण जवळ आलं, अशी समजूत वॉर्डात पसरलेली होतीच, कारण बाजूच्या बेडवर तसं घडताना त्यांनी पाहिलेलं. आणि जिथं सिस्टरने किंवा मावशीने आधी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘आजी, तुम्हाला रात्री झोप नाही, भ्या वाटतं, त्याचे डॉक्टर बोलणारेत, मी इथंच हाय,’ तिथं तोच फोन, तोच मी, आणि पेशंट दहा मिनिटं नीट बोलला. आमच्या कौशल्याचा भाग त्यात थोडा. तपासणी निम्मी त्या मावशीने केलेली असायची.

आवाजाचं तर विचारूच नका. हाय फ्लो ऑक्सिजनचं मशीन सू-सू करत असतं, शेजारी मॉनिटर ओरडतोय, पेशंटच्या तोंडावर मास्क, कवळी घरी राहिलेली, ऐकायचं मशीन घरी राहिलेलं. म्हणून स्पीकर मोठा करायचा. आणि स्पीकर मोठा केला की ‘मरावंसं वाटतं का?’ हा प्रश्न सगळा वॉर्ड ऐकतो. कोण खरं उत्तर देईल? खेड्यातला माणूस तर शेजारच्या बेडवर गावचाच कुणी आहे, हे बघूनच गप्प बसतो. मला साधे वायरचे हेडफोन मिळाले तेव्हा केवढं हायसं वाटलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तेच पुढच्या बेडला.

डिलिरियमच्या पेशंटला मुळात समोर काय खरं, काय भास, याचाच मेळ लागत नाही. भिंतीवर माणसं दिसतायत, त्यात हाताएवढ्या डब्यातून आणखी एक माणूस बोलतोय. तुमच्या आईला तेव्हा ऑक्सिजन कमी होता, आणि स्टेरॉइडही बहुधा चालू असणार. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे दिसलं, तेव्हापासून ते सगळीकडे दिलं गेलं आणि त्याने जीव वाचले. पण स्टेरॉइडने झोप उडते, माणूस चिडतो, काहींना भास होतात. चोवीस तास जळणारे दिवे, रात्र-दिवस कळायला खिडकी नाही, आणि जवळ घरचं एकही माणूस नाही, कारण आत सोडतच नव्हते. अशा अवस्थेत त्यांनी फोन पाहिला. ‘येडी ठरवलं’ ही आठवण खोटी नाही. ती त्या गोंधळातच साठवली गेलेली आठवण आहे, आणि अशा आठवणी फार चिवट असतात. कुणीतरी नंतर बसून तो सगळा प्रसंग त्यांना सांगायला हवा होता. त्या घाईत ते बहुतेकांचं राहूनच गेलं.

ज्यांना आधीपासून संशयाचा आजार होता त्यांची तऱ्हा वेगळी. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं ज्याला वाटतं, त्याच्यासमोर कॅमेरा धरायचा, म्हणजे त्याच्या संशयाला पुरावाच द्यायचा. अशांना मी कॅमेरा बंद करून नुसतं बोलायचो. काही जण तेवढ्यावर मोकळे झाले. काहींनी शेवटपर्यंत ‘हूं’ पलीकडे काही दिलं नाही.

दारू तुटलेल्यांची एक लाट टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात आली. दुकानं एकदम बंद. दोन-तीन दिवसांनी हात थरथरणं, घाम, अंगावर किडे दिसणं, फिट येणं. फोनवरून काम सगळ्यांत चांगलं जमलं ते इथं, कारण यातलं बरंचसं मोजता येतं: नाडी, रक्तदाब, ताप, हाताची थरथर. तिथला डॉक्टर आकडे सांगायचा, मी लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधाचा डोस सांगायचो, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या एवढं बजावायचो. पेशंटला माझा चेहरा दिसला की नाही, याने काही बिघडत नव्हतं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक गोष्ट होती, तिच्यावर थोडं थांबतो, कारण ती फक्त महामारीची नाही. नवरा-बायको दोघंही ॲडमिट, वेगवेगळ्या वॉर्डात. त्यातलं एक गेलं. नातेवाईक मला फोन करून म्हणायचे, ‘सर, बाबांना कळू देऊ नका, धीर सोडतील.’ आणि बाबा व्हिडिओवर पहिलाच प्रश्न विचारायचे, ‘तिचं कसंय?’ समोरासमोर असताना माणूस नजर चुकवू शकतो, पेशंटचा हात धरून गप्प राहू शकतो. पडद्यावर गप्प बसलं की पेशंटला वाटतं नेटवर्क गेलं. तो पुन्हा विचारतो, जरा मोठ्याने. नातेवाइकांना मी आधीच सांगून ठेवत असे की मी खोटं बोलणार नाही. विचारलं तर सांगीन, पण तुमच्यापैकी एकाने त्या वेळी दुसऱ्या फोनवर हवं, आणि सिस्टर बेडजवळ हव्यात. काही घरांना हे पटलं नाही, त्यांनी माझा फोन बंद करवला. त्यांचा राग मी समजू शकतो. पण नंतर ज्यांना घरी गेल्यावर कळलं, त्यांच्यातले काही जण आजही माझ्याकडे येतात, आणि आजाराच्या भीतीपेक्षा ‘सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं’ हे त्यांना जास्त डाचतं.

फोन आवडलेलेही खूप होते. कॉलेजची पोरं-पोरी, स्वतः आजारी पडलेल्या सिस्टर आणि डॉक्टर, श्वास अडकतोय या भीतीने रात्ररात्र बसून राहणारे. यांना तर समोर कुणी नसणंच सोयीचं पडायचं, अंगावर चादर ओढून हळू आवाजात बोलता यायचं. आणि ‘येड्याच्या डॉक्टरकडे’ जाताना कुणी बघत नाही, हा आपल्याकडे लहान फायदा नव्हे.

या सगळ्यातून आता तुमच्या कामाचं. दवाखान्यात ॲडमिट असलेल्या पेशंटची फोनवरची तपासणी घरच्या पेशंटपेक्षा चांगली होऊ शकते, कारण तिथं नाडी बघायला, ईसीजी काढायला, अंगाला हात लावायला माणूस असतो. अट एवढीच की त्या माणसाला कामाला लावलं पाहिजे. मी सिस्टरला सांगतो, आजींना आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. शाळा न शिकलेल्या बाईलाही बाजाराचे वार पाठ असतात. बुधवारला येऊन अडकल्या आणि पुन्हा गुरुवारकडे गेल्या, तर लक्ष टिकत नाहीये. मग त्यांचा हात हातात घ्या, मी अक्षरं वाचतो, ‘क’ आला की दाबायला सांगा. मग कोपरातून हात वाकवून बघा, ताठ लागतो की सैल. हे तिसरं मला पडद्यावरून कधीच कळणार नाही, सिस्टरच्या हातालाच कळतं. हॅलोपेरिडॉलसारखं, भास आणि गोंधळ शमवणारं औषध सांगण्याआधी मी ईसीजीचा फोटो मागतो, कारण त्याने हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. आईच्या डॉक्टरांनी तो मागितला नाही, तर तुम्ही आठवण करा. वाईट वाटून घेणारा डॉक्टर यात नको.

संमतीचं असं आहे. पेशंटने स्वतः डॉक्टरला फोन केला तर संमती धरून चालतात. इथं दवाखाना पुढाकार घेतोय, त्यामुळे आईची स्पष्ट संमती विचारून नोंदवायला हवी. दिवसा त्या भानावर असताना विचारा, तेव्हा त्या बोलतील. भानच नसेल तेव्हा घरच्यांनी त्यांच्या वतीने बोलणं नियमात बसतं. डॉक्टरने स्वतःचं नाव आणि आपण कोण हे सांगायला हवं, आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा. उपचारांची जबाबदारी मात्र ज्यांच्या बेडवर आई आहे त्या डॉक्टरांचीच राहते, पडद्यावरचा सल्ला देतो. अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी बहुतेक औषधं तर दूरून लिहूनच देता येत नाहीत. त्यामुळे ‘फोनवरच्या डॉक्टरांनी सांगितलं’ असं कुणी म्हणालं, तर केसपेपरवर सही कुणाची आहे ते बघा.

व्हिडिओ लावा तो दुपारी, त्या सगळ्यांत शांत असतात तेव्हा. पण संध्याकाळी बिघडल्यावर तुमच्या फोनवर मिनिटभराचं चित्रण करून ठेवा आणि ते फक्त डॉक्टरांना दाखवा, म्हणजे त्यांना दोन्ही आई दिसतील. ते घरच्या ग्रुपवर टाकू नका. चष्मा लावा, कवळी घाला, ऐकायचं मशीन असेल तर त्याची बॅटरी बघा. फोन डोळ्यांच्या उंचीवर, सलाईनच्या स्टँडला बांधला तरी चालतो. तुम्ही उशाशी बसा, हात हातात ठेवा. महामारीत हीच एक गोष्ट कुणाला करता आली नव्हती, आणि आज ती करायला कुणाची बंदी नाही. डॉक्टरांशी तुमचं वेगळं बोलणं आईच्या समोर, ती ऐकत नाही असं समजून करू नका. बाहेर जाऊन करा. आणि उद्याही हेच डॉक्टर बोलतील का, ते विचारा. रोज नवा चेहरा येणार असेल तर नको म्हणा.

‘झोपेचे डॉक्टर आहेत’ असं खोटं सांगून फोन लावू नका. गेल्या वेळी असंच काहीतरी झालेलं असणार. सरळ सांगा: ‘आई, ऑपरेशननंतर तुझ्या वयाच्या पुष्कळ जणांना रात्री असा गोंधळ होतो. तू येडी नाहीस. हा गोंधळ कशाने होतोय ते शोधायला हे डॉक्टर मदत करणारेत. त्या वेळीही असंच झालं होतं, तुझा ऑक्सिजन कमी झाला होता.’ एवढं एकदा सांगून भागणार नाही. भान आलं की पुन्हा सांगा, घरी गेल्यावर पुन्हा.

काही वेळा मात्र फोनवर भागवू नका. पेशंट एकदम मुका, ताठ होऊन पडला, खाणं-पिणं बंद झालं. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. हातपाय बांधून ठेवायची वेळ आली. किंवा दोन दिवस औषध देऊनही गोंधळ वाढतच चाललाय. अशा वेळी हाडाचे डॉक्टर प्रवासाला हो म्हणत असतील तर नांदेड, अंबाजोगाई किंवा घाटीला हलवा. परभणीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं आधी चौकशी करा.

आणि दवाखान्यातून सुट्टी मिळेल त्या दिवसाचं. डिलिरियमसाठी सुरू केलेली क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल ही बहुतेक वेळा थोड्या दिवसांची औषधं असतात. कोविडनंतर माझ्याकडे अशी माणसं आली, ज्यांची वॉर्डातली गोळी गावच्या मेडिकलवरून महिनोन्महिने चालूच होती, कारण बंद कधी करायची हे कुणी लिहिलंच नव्हतं. आई त्या वेळची गोळी किती दिवस घेत होती, तेही घरात विचारून बघा. या वेळी डिस्चार्ज कार्डावर गोळीचं नाव, डोस आणि थांबवायची तारीख, तिन्ही लिहून घ्या. घरी गेल्यावर रात्री काही अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. पण एकदम ताप, अंगात गुंगी किंवा लघवी बंद असं काही दिसलं, तर तो फोन न लावता सरळ दवाखाना गाठा.